लेकीला हेलिकॉप्टर चालवायचंय? मग हिशेब असा मांडा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो: आता मुलीला कुठे घालायचे? नर्सिंग, फार्मसी, कॉम्प्युटर, बँकेच्या परीक्षा ही सारी ओळखीची नावे. फी किती, वर्षे किती आणि पुढे नोकरी कुठे, हे शेजारीपाजारी विचारले तरी कळते. पण एखादी मुलगी जेवता जेवता म्हणाली, "मला हेलिकॉप्टर चालवायला शिकायचंय," तर? आजी कपाळाला हात लावते, वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात, आणि आई मनातल्या मनात दागिन्यांचा डबा उघडते. त्या आईसाठी हा लेख आहे.

बायकांना जमेल का?

हा प्रश्न आता विचारूच नये. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या बायकाच वैमानिक आणि कर्मचारी असलेले विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले. हेलिकॉप्टरचे म्हणाल, तर १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टर चालवून जखमी जवानांना डोंगरातून खाली आणले. आपल्या नाशिकला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे. तिथे २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांनी शिक्षण पुरे केले आणि लष्करी विमानदलातल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. जून २०२४ मध्ये अनामिका राजीव या नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या.

तेव्हा जमेल का, हे विचारून झाले. उरला प्रश्न तो परवडेल का, आणि कोणत्या वाटेने गेले तर परवडेल, हा.

विमान वेगळे, हेलिकॉप्टर वेगळे

पुष्कळजणींना वाटते, पायलट म्हणजे पायलट. तसे नाही. विमानाचा परवाना निराळा आणि हेलिकॉप्टरचा निराळा. विमानाच्या व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे किमान २०० तासांचे उड्डाण लागते, हेलिकॉप्टरच्या परवान्याला १५० तासांचे. तास कमी म्हणून खर्च कमी, असे मात्र समजू नका. हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या शिकाऊ विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो.

चालवण्याची रीतही वेगळी. डाव्या हातात आसनाशेजारचा दांडा असतो, तो उचलला की हेलिकॉप्टर वर चढते. उजव्या हातातल्या दांड्याने पुढे, मागे, बाजूला जायचे. दोन्ही पाय पेडलवर, त्यांनी नाक वळवायचे. एक हात हलला की दुसरा हात आणि पाय सावरावे लागतात. शिकणाऱ्या मुली सांगतात, की पहिले काही तास हवेत एका जागी स्थिर राहण्यातच जातात. एका शेगडीवर भाकरी, दुसरीवर दूध आणि काखेत मूल, हे ज्यांनी केले आहे त्यांना कल्पना येईल!

आईच्या मनातला दुसरा प्रश्न असतो, वरच इंजिन बंद पडले तर? इंजिन बंद पडले तरी खाली येताना लागणाऱ्या वाऱ्याने वरची पाती फिरत राहतात, आणि त्या जोरावर हेलिकॉप्टर उतरवता येते. याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. म्हणून धोका नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १५ जून २०२५ रोजी केदारनाथच्या वाटेवर हेलिकॉप्टर कोसळून सातजण दगावले, त्यांत वैमानिकही होते. डोंगर, ढग आणि घाई यांचा मेळ वाईट. मुलीला हे आधीच सांगावे, लपवू नये.

आधी डॉक्टर, मग फी

अनुक्रम चुकला की पैसा बुडतो. म्हणून पहिली पायरी प्रवेश नव्हे, तर वैद्यकीय तपासणी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, याच्या यादीतल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी होते, नंतर पहिल्या वर्गाची. व्यावसायिक परवान्याला पहिला वर्ग लागतोच. डोळे, कान, हृदय, रक्त, लघवी, सारे पाहतात. चष्मा असला तरी ठरावीक मर्यादेत नागरी परवाना मिळू शकतो. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र तिथेच अडते. आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी असते, हे काही नवीन नाही. तपासणीच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन पाहून घ्या, आणि नाचणी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे ताटात वाढवा.

दुसरे म्हणजे विषय. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, अशी अट चालत आलेली आहे. कला-वाणिज्य शाखेच्या मुली हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देऊन ती पुरी करतात. २०२५ साली ही अट काढून टाकण्याचा विचार सुरू झाला. परंतु "आता काही लागत नाही हो" असे कोणी सांगितले, तर डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम स्वतः वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

तिसरे, भरमसाट फी भरण्याआधी मुलीला एकदा शिक्षकाबरोबर हेलिकॉप्टरमध्ये बसवून आणता येते का, ते पाहा. अर्ध्या तासात पोट ढवळून "मामी, नको गं बाई" म्हणणाऱ्या मुलीही असतात, आणि खाली उतरायलाच तयार नसणाऱ्याही असतात. दोन्ही उत्तरे लाखमोलाची.

दीडशे तासांचे गणित

आपल्याकडे हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे कितीतरी मुले-मुली अमेरिकेसारख्या देशात जातात. तिथे शिकवायला बहुतेक ठिकाणी रॉबिन्सन कंपनीचे आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर असते. ते इतके लहान, की एका आसनावर १०९ किलोंपेक्षा अधिक वजन चालत नाही. शिक्षक अंगाने भारी असेल तर मोठ्या, चार आसनी आर-४४ मध्ये शिकावे लागते आणि तासाचा दर चढतो.

पैसे मोजले जातात ते मीटरवर, अगदी रिक्षासारखे. समजा, शिक्षक आणि इंधन धरून तासाला ४०० डॉलर पडले. दीडशे तासांचे झाले ६० हजार डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरा. झाले ५४ लाख रुपये! यात राहणे-खाणे, विमानाचे तिकीट, व्हिसा, परीक्षांची फी काहीच आले नाही. शिवाय १५० तास हे किमान झाले. हात बसायला वेळ लागला तर तास वाढतात, आणि हवा खराब म्हणून उड्डाण थांबले तरी खोलीचे भाडे थांबत नाही. परत आल्यावर इथल्या परीक्षा, तपासण्या देऊन भारतीय परवाना करून घ्यायचा, तो खर्च निराळा. म्हणून मिळालेल्या आकड्यावर निदान पाचवा हिस्सा वर धरून चालावे, असे मी म्हणेन.

आता कर्जाचे पाहू. डीजीसीएची मान्यता असलेल्या वैमानिक प्रशिक्षणाला बँका शैक्षणिक कर्ज देतात. साधारणपणे साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. घर किंवा फ्लॅट लागतो. शिक्षण संपल्यावर बहुधा एक वर्षाने हप्ते सुरू होतात, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते.

पन्नास लाखांचे कर्ज, अकरा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता येतो जवळजवळ ५७ हजार. पंधरा वर्षांत मिळून फेड होते एक कोटीच्या वर. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मुलीला नोकरी लागायला दोन वर्षे लागली, तर ते ५७ हजार कोण भरणार, याचे उत्तर घरात सगळ्यांसमक्ष ठरले पाहिजे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, तिचीही चौकशी करा.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्या अभ्यासक्रमांत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा, हेलिकॉप्टरसकट, समावेश केलेला आहे. उत्पन्नाची मर्यादा असते, तेव्हा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात किंवा आदिवासी विकास कार्यालयात जाऊन विचारावे. कितीजणींना हे ठाऊकच नसते!

एकदम पैसे भरायचे नाहीत

आमच्या वन्संची मुलगी यंदा बारावी झाली. गणितात हुशार, सायकलची चेन स्वतः बसवणारी. तिला हेच शिकायचे आहे. परदेशी शाळेत प्रवेश मिळवून देणारा एक गृहस्थ त्यांच्या घरी येऊन गेला. महिनाअखेर सगळी फी भरली तर दहा टक्के सूट, आणि शिकून झाल्यावर तिथेच शिक्षिका म्हणून राहून तास वाढवता येतील, असे त्याने सांगितले. सासूबाईंच्या नावची एक एकर विकायची, इथपर्यंत बोलणे आले होते.

मी म्हटले, "वन्सं, करारपत्र वाचलंत का?" वाचले नव्हते. मग आम्ही तिघी शब्दकोश घेऊन बसलो. नवव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलेले, की पंधरा दिवसांनंतर कोणत्याही कारणाने फी परत मिळणार नाही. कोणत्याही कारणाने! म्हणजे मुलगी तपासणीत नापास झाली, व्हिसा नाकारला गेला, की शाळाच बंद पडली, तरी पैसे गेलेच.

शाळा कशी बंद पडेल, असे कोणाला वाटेल. अमेरिकेतल्या लास व्हेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही तिथल्या मोठ्या शाळांपैकी एक होती. जवळजवळ ७० हजार डॉलर एकरकमी फी, बहुतेकांनी ती कर्ज काढून भरलेली. फेब्रुवारी २००८ मध्ये एका रविवारी ती अचानक बंद झाली, दिवाळखोरीत गेली. अडीच हजारांवर विद्यार्थी अधांतरी राहिले. परवाना हाती नाही, आणि कर्ज मात्र डोक्यावर. ही अमेरिकन मुले होती, आपल्याच देशात, आपल्याच भाषेत भांडू शकणारी. साताऱ्या-सांगलीहून गेलेल्या मुलीने काय करायचे?

म्हणून नियम एकच. जितके उडाल, तितके भरा. फार तर पुढच्या दहा-पंधरा तासांचे पैसे शाळेकडे ठेवावेत. किराणा आपण वर्षाचा एकदम भरतो तो घरात डब्यात असतो म्हणून. दुसऱ्याच्या डब्यात कोणी भरते का?

आणि तिथेच शिकवून तास वाढवण्याची गोष्ट? अमेरिकन मुले तसे करतात खरी. आपल्याकडची बरीच मुले जातात ती एम-१ या व्हिसावर. त्यावर शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची मुभा फार तर सहा महिन्यांची. तेव्हा व्हिसा कोणता, हे आधी विचारा आणि लेखी घ्या.

परवाना मिळाला, पुढे?

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी सांगत नाही. एकट्या इंडिगो कंपनीकडे चारशेच्या वर विमाने आहेत. साऱ्या देशातली नागरी हेलिकॉप्टरे मात्र अडीचशे-तीनशेच्या घरात. जुहूहून समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसे नेणारी, केदारनाथ-वैष्णोदेवीला यात्रेकरू नेणारी, पुढाऱ्यांची, कारखानदारांची, अशी ती आहेत. या कामांना अनुभवी हात हवे असतात. सैन्यातून निवृत्त झालेले, हजारो तास उडालेले वैमानिक त्या रांगेत पुढे उभे असतात. दीडशे तासांची आपली मुलगी रांगेच्या शेवटी. त्यातून तिने आर-२२ वर शिक्षण घेतलेले, आणि कंपन्यांकडे बेल, डॉफिन अशी मोठी यंत्रे. प्रत्येक जातीच्या हेलिकॉप्टरसाठी वेगळे प्रशिक्षण लागते, आणि त्याचा खर्च कधी कंपनी करते, कधी करत नाही.

नोकऱ्या नाहीतच, असे मी म्हणत नाही. सहवैमानिक म्हणून घेतात, मुलीही घेतल्या गेल्या आहेत. पण परवाना आणि पहिली नोकरी यांच्यामधली ती दरी ओलांडायला हाताशी पैसा आणि धीर, दोन्ही शिल्लक हवीत. सगळी पुंजी शिक्षणातच संपवली तर मुलगी दरीच्या अलीकडेच राहते.

पदरचे न घालता शिकण्याची वाट

सरकार शिकवते, आणि वर पगार देते, ती वाट सैन्यदलांची. बारावी शास्त्र शाखेच्या मुलींना २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत प्रवेश मिळू लागला, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. पदवीनंतर जायचे तर हवाई दलाची ॲफकॅट परीक्षा आहे. उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४, बारावीला भौतिकशास्त्र-गणित, आणि पंचविशीच्या आतली उमेदवार अविवाहित हवी. तालमीच्या वर्षात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. वैमानिक होण्याची पात्रता पाहणारी चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यामुळे "सहज देऊन बघते" असे करू नये, तयारीनिशी जावे.

या वाटेलाही अटी आहेत. डोळ्यांचे नियम नागरी परवान्यापेक्षा कितीतरी कडक. हेलिकॉप्टर मिळेल की विमान, ते हवाई दल ठरवते, मुलगी नव्हे. आणि देशाला शब्द दिला की तो पुढची काही वर्षे पाळायचा असतो. आवड खरी असेल तर मुली हे आनंदाने करतात. उतरत्या वयात नागरी कंपन्यांना हव्या असणाऱ्या हजारो तासांची शिदोरीही तिथेच बांधली जाते.

फी भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. संस्थेला डीजीसीएची मान्यता हेलिकॉप्टर शिकवण्यासाठी आहे का, आणि तिची मुदत कधीपर्यंत? परदेशी शाळा असेल, तर तिथल्या परवान्यावरून भारतीय परवाना करून मिळेल का?

२. संस्थेकडे आज चालू स्थितीत किती हेलिकॉप्टरे आहेत, आणि विद्यार्थी किती? यंत्र एक आणि मुले वीस, तर वर्षाचे काम दोन वर्षांवर जाते.

३. तासाच्या दरात इंधन, शिक्षक, कर, जमिनीवरची शिकवणी हे सारे आले का?

४. मध्येच सोडले तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत?

५. गेल्या तीन वर्षांत शिकून गेलेल्यांपैकी किती आज हेलिकॉप्टर चालवत आहेत? त्यांतल्या दोघांशी स्वतः फोनवर बोला. संस्थेने नावे द्यायला टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजा.

६. मुलींच्या राहण्याची सोय कुठे, आणि तळ तिथून किती लांब?

आणि एक घरची गोष्ट

हे सारे मी मांडत असताना वन्सं एकदम म्हणाल्या, "वहिनी, थोरल्याला डोनेशन भरून इंजिनिअरिंगला घातलं, तेव्हा कुणी एवढा हिशेब मागितला नाही. मुलीचं आलं की सगळ्यांना गणित सुचतं!"

त्यांचे खरे होते. घरात सगळे गप्प झाले. मुलाचा खर्च म्हणजे गुंतवणूक, मुलीचा खर्च म्हणजे हौस, असेच आपण मानत आलो. तिच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशाला मात्र कोणी हौस म्हणत नाही! दोन दिवसांच्या मांडवासाठी निघणारे लाख तिच्या शिक्षणाला का निघू नयेत, हा प्रश्न प्रत्येक आईने आपल्या नवऱ्याला आणि सासूला विचारावा. हिशेब करायचा तो मुलीला नाही म्हणण्यासाठी नव्हे, तर तिचे पैसे बुडू नयेत म्हणून. ज्या काळजीने आपण सोने घेताना शिक्का पाहतो, त्याच काळजीने.

वन्संच्या मुलीची दुसऱ्या वर्गाची तपासणी झाली, त्यात ती पास झाली. ती आता पदवीला बसली आहे आणि ॲफकॅटची तयारी करते आहे. तिथे नाही जमले तर नागरी परवान्याकडे वळायचे, तोवर परीक्षांचे विषय घरी वाचून काढायचे, असे तिचे तिनेच ठरवले. सासूबाईंची एक एकर अजून सासूबाईंच्या नावावर आहे, आणि गरज पडली तर ती नातीसाठीच आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल, तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. डीजीसीएच्या यादीतला जवळचा डॉक्टर शोधून तारीख घ्या, आणि एका वहीत वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा. वहीच्या पहिल्या पानावर मुलीचे नाव तिच्याच हाताने लिहू द्या. हिशेब तिलाही यायला हवा. हप्ता एक दिवस तिलाच भरायचा आहे.